मांजर झालं की धुवायचं

ताईच्या दुकानात घड्याळ नव्हतं. लावायचं राहिलं होतं असं नाही, ठरवूनच नव्हतं. ज्या बाईंच्या हाताखाली ती केस कापायला नि रंगवायला शिकली, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की भिंतीवर घड्याळ आलं की गिऱ्हाईक आरशात बघायचं सोडून घड्याळात बघतं, आणि घड्याळात बघणाऱ्या बाईला स्वतःचे केस कधी आवडत नाहीत. म्हणून दुकानात खुर्च्या दोन, आरसे दोन, केस धुवायचं बेसिन एक आणि फळीवर रेडिओ. वेळ मोजायची ती गाण्यांवर. मोबाइलमध्ये घड्याळ असतं हे ताईला माहीत होतं, पण रंगाने बरबटलेल्या हातमोज्यांनी मोबाइल धरून बघा एकदा.

पूर्वी हे सोपं होतं. गाणं चार मिनिटांचं असायचं. आठ गाणी झाली की रंग धुवायचा. चार मिनिटांत गाणं उगवायचं, मोठं व्हायचं, मध्ये एक वळण घ्यायचं, त्या वळणावर आपल्याला वाटायचं की आता हे कुठे निघालं, आणि मग ते एक पायरी वरच्या सुरात घरी परत यायचं. शेवटी हळूहळू लांब जायचं, स्टेशनवर सोडायला आलेल्या माणसासारखं. ताई तेरा वर्षांची असल्यापासून आठवड्याची टॉप वीस गाणी वहीत लिहून घेत होती. समोर दहापैकी मार्क. पेशा केसांचा, पण जीव गाण्यांत. एकोणचाळीस वर्षांच्या वह्या पलंगाखालच्या दोन पेट्यांत भरल्या होत्या आणि त्यांत नऊ मार्क फक्त दोनदा पडले होते. दहा कुणालाच नाही.

मग गाणी आटायला लागली. आधी तीन मिनिटं झाली, मग अडीच, मग दोन नि वर काही सेकंद. ताई मात्र आठच मोजत राहिली. एके दिवशी पोस्टातल्या बाई आठ गाण्यांनंतर डोकं धुवून उठल्या, तर अर्धे पांढरे केस जसेच्या तसे. पोस्टातल्या बाईंनी ताईला बोल लावला. ताईने स्वतःला लावला नाही.

"माझं मोजणं बरोबर आहे," ती म्हणाली, "गाण्यांनी मापात पाप केलंय."

तेव्हापासून तिची जीभ सुटली ती सुटलीच. दुकानात येणाऱ्या बाया निम्म्या केसांसाठी यायच्या आणि निम्म्या, रेडिओवर गाणं लागलं की ताई काय म्हणते ते ऐकायला. ताईचं म्हणणं थोडक्यात असं, की हल्ली गाणी कोणी लिहीत नाही, पाकिटं भरतात. मुखडा पहिल्या सेकंदालाच, म्हणजे पाहुणा चपला काढायच्या आधी जेवायला बसल्यासारखा. वळण तर गायबच. गाणाऱ्या मुली अशा कुजबुजतात की शेजारच्या खोलीत कुणी आजारी झोपलंय. मुलं अशी गातात की तो आजारी माणूस म्हणजे तीच. आणि आवाज? ताई केस सरळ करून द्यायची, त्यामुळे तिला ही गोष्ट बरोबर कळायची. कुरळे, लाटांचे, भुरभुरणारे, कसलेही केस आणा, चार तासांत सगळ्यांचे सारखे होऊन पाठीवर पडतात, चकचकीत नि मेलेले. "या आवाजांना पण तेच केलंय," ती म्हणायची. "एकालाही स्वतःचा भोवरा उरलेला नाही."

बरं, इतकी शिसारी होती तर रेडिओ बंद करावा. पण ताईला ते जमायचं नाही. वाईट स्वयंपाक होतोय म्हणून कोणी स्वयंपाकघरात डोकावायचं सोडतं का? उलट जास्त डोकावतं.

आणि शेवटी एका टुकार गाण्यानेच तिचा वेळेचा प्रश्न सोडवला. सहा आठवड्यांपूर्वी एक गाणं यादीत शिरलं. एक मुलगा फोन न उचलणाऱ्या मुलीला फोन करतो, एवढाच मजकूर, नि तोही तीनदा. पण मध्येच सगळी वाद्यं थांबायची आणि मागून एका बाईचा आवाज सटकन वर जायचा, आऽऽऽ करत, इतका वर की तिथे कुणाचं काही काम नसावं. पहिल्या दिवशी तो आवाज आला तेव्हा ताईच्या हातातला कंगवा पडला.

"अगं बाई! दारात मांजराची शेपटी अडकली वाटतं."

त्या दिवसापासून गाण्याचं नाव मांजर. स्टेशनला ते इतकं आवडलं होतं की दर पस्तीस मिनिटांनी लावायचे, त्यात मिनिटाचाही फरक नाही. ताईच्या वहिनीने, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोने, जी बेसिनवर केस धुवायचं काम करायची, तिने हे आधी ओळखलं. एका मांजराला रंग लावून संपवायचा, पुढचं मांजर झालं की धुवायचं. पस्तीस मिनिटं चोख. सहा आठवड्यांत एकीच्याही डोक्यात पांढरा केस राहिला नाही. तो आवाज आला की गिऱ्हाइकं सांगायच्या आधीच टॉवेल धरून उठायची.

"अखेर या गाण्यांचा कशाला तरी उपयोग झाला," ताई म्हणायची.

हे सगळं मजेत चाललं होतं, फक्त एक गोष्ट ताईने कुणालाच सांगितलेली नव्हती.

तिची एकुलती एक लेक, जिला सगळे ठकी म्हणत, ती दोन वर्षांपूर्वी मोठ्या शहरात गायला गेली होती. लहानपणी संध्याकाळी दुकान झाडताना मायलेकी गायच्या. ताई साधी चाल धरायची आणि ठकी झाडू हातात घेऊन तिच्या वरून दुसरा सूर लावायची. गाणं संपलं की ताई मार्क द्यायची. पाच. सहा. फार तर सात. "वरचा सूर घाबरत घेतलास," म्हणायची. सातच्या वर ती कधी गेली नाही, आणि ठकीने कधी विचारलंही नाही. एक दिवस बॅग भरून निघाली तेवढी.

तीन आठवड्यांपूर्वी तिचा फोन आला होता.

"आई, टॉप वीसमध्ये एक गाणं आहे, त्यात मी आहे."

"अगं! कुठलं?"

"मागे गायलेय. नाव नाही माझं. पण आवाज आहे."

"हो, पण कुठलं?"

"ओळख की. तूच म्हणायचीस ना, हजारांत मिसळला तरी माझ्या लेकीचा आवाज मी झोपेत ओळखीन."

ताई हसली होती, "उद्या सांगते," म्हणाली होती. तो उद्या काही उजाडला नाही. रोज आठ तास रेडिओ चालू, वीसच्या वीस गाणी पाठ, आणि तिला लेक सापडत नव्हती. ती रात्री उशीवर पडल्या पडल्या एकेक गाणं मनात वाजवून बघायची. पाठीमागे जिथे जिथे बायका गात होत्या तिथे कान लावायची. सगळ्या सरळ केलेल्या, चकचकीत. आणि तिच्या लक्षात यायचं की या वीसांतल्या प्रत्येक गाण्याला तिने भर दुकानात काहीतरी घाण नाव ठेवलंय. म्हणजे त्यातलं एक नाव ठकीला ठेवलंय. फक्त कुठलं, हे कळत नव्हतं.

आणि शुक्रवारी दुपारी ठकी दारात उभी राहिली.

पाठीला पिशवी, केस आधीच रंग उडवून हलके करून आणलेले, वाळल्या गवतासारखे पिवळट. तिने मामीच्या गळ्यात हात टाकले, दुसऱ्या खुर्चीत डोक्याला रंग लावून बसलेल्या शाळेतल्या बाईंना नमस्कार केला. या बाईंनी तिला चौथीत शिकवलं होतं आणि आता निवृत्त होऊन दर महिन्याला काळ्या होऊन जायच्या. मग ती आईसमोर आली.

"उद्या टीव्हीवर आहे गाणं. थेट. आम्ही तिघी मागे उभ्या राहणार. तिघींचे केस एकसारखे हवेत, तांब्याच्या रंगाचे. हा घे रंगाचा नंबर." तिने चिठ्ठी दिली. "बाकीच्या दोघींनी तिथेच करून घेतले. मी म्हटलं, माझी आई करेल."

"केस कोणी हलके केले? हाताने की फावड्याने?"

"मीच."

"वाटतंय. बस."

ठकी खुर्चीत बसली. अंगावर काळा कपडा आला. आरशात दोघींची नजर भिडली.

"ओळखलंस?" ठकीने विचारलं.

"रंग तर लागू दे."

"चालेल. केस धुवेपर्यंत सांगायचं. एकच नाव. तुक्के मारत बसायचं नाही."

"कसलं नाव गं?" वहिनी टॉवेलांच्या घड्या घालत म्हणाली.

"काही नाही मामी, आमचं आपलं."

ताईने रंग कालवला. शाळेतल्या बाईंना मघाच्या मांजराला रंग लावून झाला होता, आणि त्यालाही अर्धी फेरी होऊन गेली होती. हलके केलेले केस अधाशासारखे रंग पितात, त्यांना पूर्ण पस्तीस मिनिटं नकोत, अर्धी पुरे. म्हणजे येणाऱ्या मांजराला दोघींचंही धुवायचं. हिशेब जुळला. तिने पहिली बट उचलली.

रेडिओवर यादी सुरू झाली होती. चौदावं गाणं लागलं.

"ताई, याला काय म्हणायचं?" शाळेतल्या बाईंनी रोजच्यासारखं पिल्लू सोडलं. या बाईंना वर्गात कुणी हसलं तर खडू फेकून मारायची सवय होती, पण इथे त्या पहिल्या बाकावर बसून हसायच्या.

ताईची जीभ सवयीने वळवळली आणि अडली. तिने आरशात ठकीकडे बघितलं. ठकीचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा.

"बरं आहे," ताई म्हणाली.

बाई चमकल्या. "बरं आहे? परवा तर म्हणालात, हा मुलगा भूल दिल्यावर गायलाय."

"आई, माझ्यासाठी थांबू नकोस," ठकी गोड आवाजात म्हणाली. "बोल ना. ऐकायला तर आलेय."

ही आपल्याला खेळवतेय, ताईच्या ध्यानात आलं. मग तिनेही ठरवलं, एकेकाला टोचून बघू, हिची पापणी कुठे लवते ते आरशात दिसेलच. ब्रश चालवत ती सुरू झाली.

तेराव्याला म्हणाली, "हे सात जणांनी मिळून लिहिलंय म्हणे. सहा जण बहुतेक पाणी द्यायला होते." ठकी हसली. बाराव्याला म्हणाली, "या मुलीचं मन मोडलंय हे मला मान्य आहे, पण ते सांगताना जबडा उघडायला काय होतं? दाढ काढलीय का?" ठकी पुन्हा हसली, मोकळं. अकराव्यात पंधरा बायका मागे गात होत्या. ताई जपून म्हणाली, "या पंधराजणी नाहीत. एकच आहे, पंधरा वेळा छापलेली. झेरॉक्स." ठकीने नुसती मान डोलावली, आणि ताईने ती दोन बोटांनी सरळ केली, कारण बट सुटत होती. दहाव्या गाण्यात नुसताच ठोका होता. "कपडे धुवायचं यंत्र बिघडलंय, माणूस बोलवा." नववं जुन्याच एका गाण्याला पळवून केलेलं. "चोरी केली ती केली, वर चोर पळत सुटलाय."

वहिनी तोंडाला टॉवेल लावून हसत होती. शाळेतल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि ताईला घाम फुटला होता, कारण ठकी प्रत्येकाला सारखीच हसत होती.

रंग लावून संपला. सहावं गाणं लागलं. मऊ, संथ, शेवटी मागे बायकांचे आवाज पाण्यासारखे पसरत जाणारे. या गाण्याला ताईने आजवर सगळ्यांत कमी शिव्या दिल्या होत्या, "निदान झोप तरी लागते," एवढंच म्हणाली होती. तिला एकदम वाटलं, हेच. हेच असू दे. तिने ब्रश वाटीत ठेवला.

"हे," ती म्हणाली. "या मागच्या मुलींमध्ये आहेस तू. आणि सांगते, सुंदर गायलीस. किती हळुवार. मी तर पहिल्या दिवसापासून म्हणतेय, या गाण्यात काहीतरी आहे."

आपल्या तोंडून हे शब्द निघताना तिला स्वतःलाच कसंतरी झालं. एकोणचाळीस वर्षांत तिने न आवडलेल्या गाण्याला चांगलं म्हटलं नव्हतं.

ठकीचं हसू मावळलं. ती आरशातून आईकडे बघत राहिली.

"ते कचरा आहे, आई," ती म्हणाली. "ते गाणं नाही, उशी आहे. नि तुलाही ते माहितीय."

"म्हणजे..."

"नाही. त्यात नाहीये मी."

"मग पाचवं. पाचवंच असणार, मला आधीपासून..."

"एकच म्हटलं होतं."

वहिनीला आता थोडंथोडं कळायला लागलं होतं, पण पूर्ण नाही. ताईने उगाचच ब्रश उचलून पुन्हा वाटीत घातला. कान गेला तर गेला, पन्नाशी उलटली की काय काय जातं. पण या कानातून ही मुलगी गेली?

आणि तेवढ्यात फोन न उचलणाऱ्या मुलीला तो मुलगा फोन करायला लागला. पाचवं गाणं आणि जाहिराती होऊन चौथं लागलं होतं, ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. वाद्यं थांबली.

आऽऽऽ.

शाळेतल्या बाई टॉवेल सावरत ताडकन उभ्या राहिल्या. "चला, झालं मांजर! धुवा मला."

वहिनीने नळ सोडला. मायलेकींमधलं अवघडलेपण मोडायला तिला काहीतरी हवंच होतं, ती हौसेने ठकीला सांगायला लागली, "तुला माहीत नाही ना, आमचं नवीन घड्याळ आहे हे. ही बया केकाटली की केस धुवायचे. तुझ्या आईनेच नाव ठेवलंय, शेपटी अडकलेलं मांजर. अख्ख्या गल्लीत झालंय आता. पोस्टातल्या बाई तर म्हणतात, त्या मांजराला एक वाटी दूध..."

ताई ऐकत नव्हती. ती आरशात बघत होती. ठकी हसत नव्हती, तिचं तोंड घट्ट मिटलेलं होतं, नजर मांडीवर. पण काळ्या कपड्याच्या गळपट्टीवर तिचा कंठ हलत होता. तो सूर जसा वर चढला तसा मिटल्या तोंडाआड कंठ वर गेला, वर थांबला, आणि सूर उतरला तसा खाली आला. लहानपणी झाडू हातात धरून गाताना व्हायचा तस्साच. कानाला तीन आठवडे जे कळलं नाही ते डोळ्यांना एका क्षणात कळलं.

"वहिनी, नळ बंद कर."

"अहो ताई, बाईंचा रंग..."

"बंद कर म्हणते ना!"

पाणी थांबलं. शाळेतल्या बाई बेसिनवर मान टाकून तशाच राहिल्या. रेडिओवर तो मुलगा पुन्हा फोन लावत होता. ताई फळीजवळ गेली, हातमोज्यासकटच आवाज मोठा केला, आणि उभी राहिली. गाण्याच्या शेवटी ते मांजर पुन्हा एकदा येतं हे तिला माहीत होतं, पण आजवर त्या वेळेपर्यंत नळाचा आवाज सुरू झालेला असायचा. आज नव्हता. सूर वर गेला. घाबरत नव्हता. तिथे वर एक जागा होती, आणि जिचा तो आवाज होता ती त्या जागेवर आरामात बसली होती.

गाणं संपलं. हळूहळू लांब वगैरे गेलं नाही, दिवा गेल्यासारखं गेलं. जाहिराती लागल्या.

"देवा," वहिनी म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला.

"सहा आठवडे," ठकी मांडीकडे बघत म्हणाली. "दिवसाला बारा-तेरा वेळा तरी. तरी तुला ऐकू आलं नाही?"

"ऐकलंच नाही गं," ताई म्हणाली. "मोजलं."

ठकीने नाक ओढलं. कपड्याखाली हात अडकल्यामुळे तिला डोळे पुसता येत नव्हते. ताईने आधी कोपराने, मग हातमोजे काढून टॉवेलने तिचे डोळे पुसले.

"सरळ सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"सांगितलं असतं तर तू मला ऐकलं असतंस. मला तू गाणं ऐकायला हवी होतीस. कोण गातंय ते माहीत नसताना तू काय म्हणतेस ते बघायचं होतं." तिने आरशातून आईकडे बघितलं. "बघितलं."

"ठके..."

"आता मार्क दे. खरे. उशीवाले नकोत."

ताई खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. खोटं बोलून आज एकदा तोंड पोळलं होतं.

"गाण्याला दोन," ती म्हणाली. "दोनसुद्धा जास्त होतात. त्या मुलाला सांग, ती फोन उचलत नाही यात तिचा काही दोष नाही."

शाळेतल्या बाई बेसिनमधून खुदकन हसल्या.

"आणि मांजराला?"

"मांजराला साडेसात."

ठकी वळलीच. "सातच्या वर?"

"आठ देणार होते. श्वास कापलाय तुझा. तू वरचा सूर घेण्याआधी श्वास घेतेस ना, तोंडाने, पुढच्या दोन दातांतल्या फटीतून, बारीक शीळ घातल्यासारखा. लहानपणापासून घेतेस. तो कापून टाकलाय त्यांनी. म्हणून नाही कळलं मला. श्वास असता तर पहिल्या दिवशी कंगवा पडला नसता हातातून, मीच पडले असते."

"मी भांडले होते त्या श्वासासाठी," ठकी म्हणाली. तिचा आवाज आता पूर्ण भिजला होता. "तो माणूस म्हणाला, श्वास कोणाला ऐकायचाय?"

"कोण तो? कुठे बसतो? त्याचे केस आण माझ्याकडे, सरळ करून देते."

मग दोघी एकदम बोलायला लागल्या. त्या माणसाबद्दल, गाण्याला वळण का नाही त्याबद्दल, ठकीने एक वळण सुचवलं होतं आणि ते तिथल्या तिथे मारलं गेलं त्याबद्दल. ते कसं होतं ते तिने गाऊन दाखवलं. ताई म्हणाली, "अगं मग हे का नाही घेतलं मूर्खांनी," आणि खालची चाल धरली. ठकी वरून गायली. मध्ये ती बारीक शीळ आली, फटीतून. वहिनी टॉवेल मांडीवर घेऊन बसून राहिली. रेडिओ काय वाजवत होता याकडे दुकानात कुणाचं लक्ष नव्हतं, आणि वेळ रेडिओत होती.

"मला आता मान वर करता येईल का?" बेसिनमधून शाळेतल्या बाई म्हणाल्या. "नाही, गाणं छान चाललंय. पण डोकं चुरचुरतंय."

ताईने ठकीच्या केसांकडे बघितलं आणि किंचाळली.

धावपळ झाली. दोघींची डोकी एकाच बेसिनवर, एकीनंतर एक. शाळेतल्या बाई एरवी काळ्या व्हायच्या त्या आज निळसर काळ्या झाल्या, कावळ्याच्या पंखासारख्या. त्यांना ते आवडलं, निदान तसं म्हणाल्या. ठकीचे केस वाळले तेव्हा ताईने एक बट उजेडात धरून बघितली. तांबं नव्हतं ते. वीट होती. ताजी, भट्टीतून काढलेली.

"तीन वेळा धुते," ताई म्हणाली. "उतरेल थोडा."

तीन वेळा धुतला. थोडाही उतरला नाही.

"मारतील मला," ठकी आरशात डोकं इकडून तिकडे वळवत म्हणाली. "तिघी एकसारख्या हव्या होत्या." मग तिलाच हसू आलं. "तिकडे सांगू काय? आई मार्क देत होती म्हणून उशीर झाला?"

"सांग, माझ्या आईकडे घड्याळ नाही."

शनिवारी संध्याकाळी सातला ताईच्या घरी टीव्हीसमोर तिघी बसल्या, ताई, वहिनी आणि शाळेतल्या बाई. तो मुलगा आला, धुरात उभा राहिला, फोन लावायला लागला. ताई म्हणाली, "चेहऱ्यावरून वाटतंय, याचा फोन चार्जच नाहीये." मागे तीन मुली होत्या. दोघी तांब्याच्या, आणि डाव्या टोकाची विटकरी. कॅमेरा कितीही लांब गेला तरी ती कुठे आहे ते कळत होतं.

"ती बघा," वहिनी उगाचच म्हणाली.

वाद्यं थांबली. आणि सूर वर जायच्या आधी, पाव सेकंद, एक बारीक शीळ ऐकू आली. थेट कार्यक्रमात कोण काय कापणार? ताईच्या हातात काही नव्हतं म्हणून काही पडलं नाही. ती उठली, पलंगाखालची पेटी ओढली आणि वहीत काहीतरी लिहिलं. वहिनीने मान लांब करून बघायचा प्रयत्न केला, तेव्हा तिने वही छातीशी धरली.

सोमवारी पोस्टातल्या बाई डोक्याला रंग लावून बसल्या होत्या. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मांजर आलं तशा त्या टॉवेल धरून उठल्या.

"बसा," ताई म्हणाली.

"अहो, झालं ना मांजर."

"एकदाच झालंय. शेवटी परत येते ती. ते झालं की मग धुवायचं. तोपर्यंत नळ सोडायचा नाही, बोलायचं नाही."

पोस्टातल्या बाई बसल्या. एवढं ऐकण्यासारखं काय आहे त्यात, असं त्यांनी वहिनीला खुणेने विचारलं. वहिनीने तोंडावर बोट ठेवलं.

"काही नाही त्यात," ताई म्हणाली. "गाणं टाकाऊच आहे. मुलगा मठ्ठ आहे, चाल चोरलेली आहे, वळणाचा पत्ता नाही. दोन मार्क." आणि तिने फळीवरच्या रेडिओचा आवाज मोठा केला.

त्या महिन्यात गल्लीतल्या सगळ्या बायकांचे केस रोजच्यापेक्षा जरा जास्तच काळे झाले.